चंदेरी गाडीतली तिसरी शिवण

आर्जिया बोनफात्तीने मोदेनाच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मोटारींच्या गाद्या शिवल्या होत्या. रिटायर होऊन जमाना लोटला, तरी दुसऱ्याची वाकडी शिवण दिसली की ती सरळ करायला तिचे हात शिवशिवायचे.

त्यामुळे जुन्या गाड्या विकणारा शेजारचा नेल्लो दारात येऊन म्हणाला, "मावशी, एक स्विस गिऱ्हाईक आलंय. दोन गाड्यांतली कुठली घेऊ ठरत नाहीये त्याचं. गाद्या जरा बघता?" तेव्हा तोर्तेल्लिनीची कणीक तशीच झाकून ती निघाली.

शेडमध्ये दोन लांब नाकाच्या गाड्या उभ्या होत्या, एक निळी, एक चंदेरी. दोन्ही सहासष्ट सालच्या, दोन्हींच्या मूळ गाद्या आर्जियाच्याच कारखान्यातल्या. स्विस त्सुरब्रिगनसाहेब तीन दिवस वही घेऊन त्यांच्याभोवती फिरत होते.

"निळीला बारा सिलिंडर, पण आत पाय भाजतात," ते म्हणाले. "चंदेरीला सहाच, पण लांबच्या प्रवासाला निवांत. सामानालाही ऐसपैस जागा."

"मग जायचंय कुठे तुम्हाला?"

"कुठेच नाही. गॅरेजमध्ये ठेवणार."

आर्जियाने नेल्लोकडे पाहिलं. नेल्लोने छताकडे.

तिने निळीच्या गादीवर हात फिरवला. "हीच घ्या. टाका न् टाका सरळ! आमच्यापेक्षा सरस काम. गेल्या पाचसहा वर्षांतलं असेल."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी वहीत काट मारली.

चंदेरीत मात्र चालकाच्या गादीवरची तिसरी शिवण दारू प्यायल्यासारखी गेली होती. "शी! ही आमच्या खात्यातल्या दिर्चेची. लग्न ठरल्यापासून तिचं कामात लक्षच नव्हतं."

"म्हणजे अस्सल! कारखान्यातलीच!" साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अस्सल बिघडलेली. सुई आणा, दहा मिनिटांत सरळ करते."

साहेबांनी गादीवर अंगच टाकलं. "हात लावू नका, बाई! हीच घेणार मी!"

मग त्यांनी कागद काढला. शिवणारीचं नाव गाडीच्या दाखल्यावर येणार होतं, शिवाय एका पुस्तकात छापूनही. "दिर्चे काय? आडनाव?"

आर्जियाने वाकून गादीखाली पाहिलं. शेवटची गाठ डावीकडून मारलेली. सगळ्या खात्यात डावखुरी एकच होती.

"बोनफात्ती," ती म्हणाली. "आर्जिया. मीच."

नेल्लो फिस्सकन हसला. "मावशी, आत्ता तर तुम्ही..."

"तू गप रे! लिहा साहेब, त्या दिवशी मला सणसणून एकोणचाळीस सेल्सिअस ताप होता."

"खरंच होता?" साहेबांनी विचारलं.

"असणारच! नाहीतर माझी शिवण वाकडी जाईल कशी?"

साहेबांनी गंभीरपणे ताप लिहून घेतला.

रविवारी ही बातमी दिर्चेला कळली. "ताप? आदल्या रात्री तू पहाटेपर्यंत नाचत होतीस!" ती ओरडली. "आणि शेजारची गादी मी शिवली, तिचं काय?" तिने त्याच दिवशी स्वित्झर्लंडला पत्र टाकलं.

पंधरवड्याने साहेबांचं उत्तर आलं. दाखल्यावर आता दोघींची नावं होती, पण दिर्चेचं आधी. आर्जिया तिच्याशी ईस्टरपर्यंत बोलली नाही.