दोघांना मिळून एकच बटण

एस्तेरबाई मावची गेल्याचा फोन आला तेव्हा माझा हात एका तूरवाल्याच्या हातात होता आणि दोघांच्या हातांवर माझा गमछा होता. खांडबाऱ्याच्या बैलबाजारात दलाली करत मी मोठा झालो. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून ठरवतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. आता मी बैल सोडून धान्याच्या व्यापारात आहे, पण सवय तीच आहे. हमालाने फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे बाईंचा पुतण्या होता. "शेठ, आत्या गयी..." एवढंच तो बोलला. मी सौदा पुरा केला, मग गमछा काढला. दुकानातल्या दोघांनी नंतर गावभर सांगितलं की रफिकशेठला माणूस मेल्याचंही काही वाटत नाही. सांगू देत. सौदा अर्धा असताना हात काढणारा माणूस बाईंना कधी आवडला नाही, आणि त्यांच्याच बातमीसाठी मी तो काढणार नव्हतो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं, असं म्हणतात. मी खरं लिहिणार आहे. बाईंनी अंतिम सामन्यात माझ्या संघाचा आवाज बंद केला. ती चूक होती, असं मी तेव्हा मैदानात ओरडून सांगितलं आणि आज छापून सांगतो. बाई वारल्या, माझी तक्रार वारलेली नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडची पोरं मोबाइलवर बघून अमेरिकन फुटबॉल शिकली. अंड्यासारखा चेंडू, डोक्यावर हेल्मेट, आणि दर दोन उड्यांनंतर खेळ थांबतो. त्या थांबलेल्या वेळात प्रशिक्षक ठरवतो की पुढची चाल कोणती. आमच्या संघाचा प्रशिक्षक मीच. पूर्वी आम्ही कडेला उभं राहून हातवारे करायचो, आणि समोरचे ते वाचायचे. मला ते बघवत नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर भाव कापडाखाली ठेवला, त्याने आपली चाल उघड्यावर दाखवायची? म्हणून वॉकीटॉकी आली. सुरतेहून जुनी हेल्मेटं आणली होती, त्यांतल्या एकात छोटा स्पीकर बसवला. संघाच्या एकाच खेळाडूला प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येणार आणि तो बाकीच्यांना सांगणार. आमच्या संघात तो खेळाडू होता दानियल. सरहद्दीच्या डोंगरातला, पायाने हरीण, आणि तोंडातून शब्द मोजून काढणारा. नंदुरबारच्या संघानेही तसंच यंत्र आणलं. मग प्रश्न आला की हे सांभाळणार कोण?

एस्तेरबाई पोलिसांच्या वायरलेसवर नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या आणि खांडबाऱ्याजवळच्या आपल्या पाड्यावर भातशेती बघत होत्या. आवाज असा की पाड्यावरून बोलल्या तर रेल्वे स्टेशनात ऐकू यावं. बोलणं संपलं की सवयीने "ओव्हर" म्हणायच्या, भाजीवालीलासुद्धा. त्यांनी एक पेटी तयार करून घेतली. दोन्ही प्रशिक्षकांच्या माइकच्या वायरी त्यांच्या टेबलावरच्या त्या पेटीत यायच्या, आणि तिथून पुढे आवाज हवेतून हेल्मेटात जायचा. पेटीला बटण एकच, दोन्ही संघांना मिळून; ते खाली केलं की दोघांचाही आवाज बंद. मी विचारलं, दोन का नाहीत? म्हणाल्या, "दोन बटनं ठेवी तर एक पहिले दाबाई जास. मन्हा हात बी मानसाना शे." दोन असली की एक आधी दाबलं जाणार, माझाही हात माणसाचाच आहे... हे वाक्य तेव्हा मला नखरा वाटलं होतं.

या खेळाचा नियम असा की चेंडू सुटण्याआधी ठरावीक सेकंद उरले की आवाज बंद करायचा. पुढे खेळाडूचं त्याने बघायचं. मला ते मान्य नव्हतं. मी म्हणत होतो, चेंडू सुटेपर्यंत बोलू द्या. स्पर्धेच्या समितीच्या बैठकीत मी टेबलावर हात आपटत होतो. बाई उठून माझ्यापुढे आल्या. "शेठ, आरडू नको. गमछा काढ." त्यांचा बाप आमच्या बाजारात बैल विकायचा, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. सगळ्या समितीसमोर गमछ्याखाली आमचा सौदा चालू झाला, सेकंदांचा. त्यांनी माझा पूर्ण पंजा तीनदा दाबला. पंधरा. मी त्यांची दोन बोटं धरली. दोन. त्यांनी पुन्हा पंजा, तीनदा. मी पाचावर आलो, सातावर आलो, दहावर आलो... त्या जागच्या हलल्या नाहीत.

"पंधरा सेकंद त्या पोऱ्यानी काय करानं?" मी शेवटी तोंडाने विचारलं, जे बाजारात कुणी करत नाही.

"डोकं चालवानं. ओव्हर."

माझ्या आयुष्यातला हा एकच सौदा, ज्यात समोरच्याने पहिला सांगितलेला भाव शेवटचा ठरला. बाईंना शांत म्हणणाऱ्यांनी तो हात धरायला हवा होता.

आता अंतिम सामना. आम्ही पुढे होतो, खेळ थोडा उरला होता, आणि नंदुरबारच्या संघाचं यंत्र मेलं. त्यांच्या खेळाडूने हेल्मेटवर थापा मारून दाखवलं की काही ऐकू येत नाही. बाईंनी बटण खाली केलं आणि तिथेच ठेवलं. म्हणजे आमचंही गेलं. मी धावत टेबलावर गेलो.

"बाई, मन्हा आवाज कसाले बंद कया? मन्हं मशीन चांगलं शे!"

"त्यास्ले ऐकू येत नही, तर तुन्हा पोऱ्याले बी नही."

"हाई गमछाखाल ठरेल नव्हतं!"

"ठरेल नव्हतं म्हनीसन मी ठरायं."

लोक हसले. माझं डोकं फुटायची वेळ आली होती. दानियल मैदानाच्या मध्ये उभा राहून माझ्याकडे बघत होता, कान उघडा ठेवून, जणू आवाज येईलच. तो आला नाही आणि आम्ही हरलो. माझं यंत्र चांगलं होतं, कारण मी ते सांभाळलं होतं. दर सामन्याआधी ते मी स्वतः तपासायचो. समोरच्याच्या निष्काळजीपणाची शिक्षा मला का? या प्रश्नाचं उत्तर बाईंनी मला कधी दिलं नाही. भेटतील तिथे मी तो विचारायचो. बाजारात विचारला, स्टेशनवर विचारला, नाताळच्या जेवणाला त्यांच्या घरी बोलावलं तेव्हा ताटावर बसून विचारला. त्या म्हणायच्या, "पहिले खाय." आणि अजून एक भाकर वाढायच्या.

पुढच्या वर्षी तोच संघ, तोच सामना, आणि या वेळी आमचं यंत्र मेलं. बाईंचा हात बटणावर गेला, खाली आला, आणि तिथेच राहिला. नंदुरबारच्या संघाचे पाठीराखे असलेले एक साहेब टेबलापाशी आले. कडक इस्त्रीचा शर्ट, घाम पुसत म्हणाले, "मॅडम, आमचं तर चालू आहे ना? आम्हाला का शिक्षा?" बाईंनी मान वळवून माझ्याकडे बोट केलं. "याले विचार. मांगला साले हाऊ बी हाईच सांगे." माझ्याच तोंडचं वाक्य बाईंनी साहेबांच्या गळ्यात घातलं. मला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. तो सामना आम्ही जिंकलो. दानियलने स्वतः ठरवलेल्या चालीवर शेवटचे गुण घेतले.

त्यानंतर तेच साहेब समितीचे अध्यक्ष झाले, आणि समितीने बाईंना "वयाचा मान राखून" विश्रांती दिली. शाल दिली, नारळ दिला. मला कुणी विचारलं नाही. या बाईवर राग धरायचा हक्क जिल्ह्यात कुणाचा असेल तर तो माझा होता, आणि मी त्यांना शिव्या घातल्या, पण खुर्चीवरून काढा असं कधी म्हणालो नाही. भांडायला समोर माणूस लागतो. त्यांनी माझा माणूसच उचलून नेला.

शेवटची भेट बाईंच्या अंगणात झाली. अंग बारीक झालं होतं, आवाज मात्र तेवढाच मोठा होता. त्यांनी खाटेखालून पेटी ओढून काढली. ती त्यांची स्वतःची होती, समितीची नव्हे. म्हणाल्या, "हाई तू लई जा."

"माले कसाले? मी तुन्हा दुश्मन शे."

"मन्ही बाजू लेनारा नको माले. भांडनारा पाहिजे. तुन्हा राग खरा शे, तू जपशी."

मी पेटी मोटारसायकलच्या मागे बांधली आणि रस्ताभर त्यांच्यावर चिडत घरी आलो.

शोकसभेत अध्यक्षसाहेब बोलले. बाई मनमिळाऊ होत्या, शांत होत्या, कुणाला कधी दुखावलं नाही. मी खुर्चीवर चुळबुळत होतो. मग त्यांनी जाहीर केलं की यंदापासून बाईंच्या नावाने चषक देऊ, आणि त्याच दमात सांगितलं की यंदापासून प्रत्येक संघाचं यंत्र वेगळं, माणूस वेगळा, बटण वेगळं. मी उभा राहिलो. "चषकावर बाईचं नाव आणि मैदानात दोन बटणं? मग नाव कसलं लावता?" कुणीतरी म्हणालं, शेठ, आज नको. मी म्हटलं, आजच. उद्या तुम्ही हार काढून टाकाल.

आठवड्याने अध्यक्षसाहेब माझ्या दुकानात आले. चषकाशेजारी काचेच्या कपाटात ठेवायला त्यांना पेटी हवी होती. चहा मागवला. मी गमछा काढून हातावर टाकला. ते हसले, पण हात आत घातला. मी त्यांचं एक बोट धरलं.

"एक? एक काय, शेठ?"

"एक बटण. पेटी कपाटात नाही, टेबलावर ठेवायची. नाहीतर आमचा संघ उतरणार नाही."

"आणि खुर्चीवर कोण? तुमचा माणूस?"

"तुमचा बसवा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी कुठे फसवतोय ते शोधत असावेत. मी बोट सोडलं नाही. "तुमचा भाऊ बसवा, मेहुणा बसवा. बटण एकच असलं की बसणारा कुणाचाही असो, मला चालतो. माझा आवाज बंद केला तर मी टेबलावर येऊन भांडेन. तुमचा केला तर तुम्ही या."

त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं, पण हात लगेच काढला नाही. चहा गार होईपर्यंत तो गमछ्याखाली होता. बाजारात याचा अर्थ सौदा मोडलेला नाही असा होतो. ते बाजारातले नाहीत, त्यामुळे मी अजून काही धरून चाललेलो नाही. आमच्या पोरांना सांगून ठेवलंय की पेटी नाही तर सामना नाही, आणि या वेळी दानियल सगळ्यांच्या आधी हो म्हणाला.

पेटी सध्या माझ्या गादीशेजारी, तराजूच्या बाजूला आहे. बटण खालीच आहे, त्यांनी ठेवलं होतं तसं. गिऱ्हाईक विचारतात, शेठ, हे काय? मी सांगतो, एका हट्टी बाईची आहे. गमछा टाकण्याआधी मालावरून माझा आवाज चढला की हात आपोआप पेटीवर जातो, मी बोलायचा थांबतो, आणि समोरचा शेतकरी थोडा वेळ आपल्या डोक्याने हिशोब करतो. मला त्याने तोटा होतो. अंतिम सामन्यातही झाला होता. त्या तोट्याबद्दल माझं बाईंशी भांडण आहे ते आहेच, आणि ते मी त्या बटणासमोर बसूनच करणार आहे.