बसायचं ते गिऱ्हाइकांनी

आमच्या शोरूममध्ये किस्से जमायला गिऱ्हाइकांची गरज नाही, एकटे शेट पुरतात! बारा वर्षं झाली मला इथे. रोज घरी जाऊन कुणाला तरी सांगितल्याशिवाय डोकं ठिकाणावर येत नाही.

*

सुरुवात म्हापशाला. गाद्या-उशांचा एक गाळा, दारात लाकडी बाक. त्यावर शेट, मी आणि माझी सोबतीण शकूताई, तिघंही बसायचो. मग किनाऱ्याकडे बंगले वाढले, इंपोर्टेड सोफे आले आणि बाक गेलं. "लुक बिघडतो!" म्हणे. एकदा सोफ्यावर जरा टेकलो, तर शेट ओरडले, "तुम्ही बसलात की तो सेकंडहँड होतो!"

तेव्हापासून आम्ही सकाळी नऊ ते संध्याकाळी सात उभ्या.

*

दुसरी शोरूम डिचोलीत, आम्हा दोघींनाही तिकडे हलवलं. तिथला सगळ्यांत महाग सोफा एका ट्रकमालकाने नेला आणि चवथीच्या आदल्या दिवशी टेम्पोत घालून परत आणला! काय बिघडलं, विचारलं.

"बिघडूंक ना गो बाय. हॉलांत गणपती बसतलो न्ही! पांच दीस सोफो तुमगेर दवरा."

शेटनी हसत ठेवून घेतला. पुढच्या चवथीला असे सात सोफे आले. शकूताई म्हणाली, "शेट, हे तरी वापरलेलेच आहेत ना? बसू?"

"ते गिऱ्हाइकाचे!"

*

एक बंगलेवाल्या मॅडम विचारत होत्या, "तासन्‌तास बसलं तर पाठ दुखत नाही ना?"

म्हटलं, "ठाऊक नाही मॅडम, मी कधी बसले नाही."

त्या गेल्यावर मला बोलणी बसली ती वेगळीच.

*

मग शकूताईचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, बसून काम करा, नाहीतर नोकरी सोडा. सोडून कसं चालेल, घर तिच्याच पगारावर चालतं. तिने एक साधं स्टूल मागितलं. शेटनी पायाखाली घालायला फोमची मॅट आणली. "बघा, उभं राहायलासुद्धा लक्झरी!" मला असा राग आला!

*

गेल्या महिन्यात पेडण्यात तिसरी शोरूम उघडली. नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायला कोरगावचे दत्तारामकाका आले होते. शकूताई भिंतीला टेकून गुडघा चोळत होती.

"बस गे बाय, इतके सोफे आसत."

"आमका बसूक देनत नाय, काका."

सगळे हात जोडून उभे राहिले आणि काकांनी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान तिसरा दुकान घातल्यान हा, तेका बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"येतल्या गिरायकाक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी दिसभर उभ्या ऱ्हवतत त्या बायांका बसूक खुर्ची दिवची बुद्धी ह्या शेटाक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

डोळे मिटलेले, हात जोडलेले, सगळ्यांत मोठा आवाज शेटचा!