बाप जिता असताना

इंद्रजित शेडगेने आयुष्यात दोनच गोष्टी हौसेने वाढवल्या. एक मिशी आणि दुसरं सिनेमाचं वेड. मिशी बापाकडून आली होती, पार पाटणच्या डोंगरातून. वेड कुठून आलं ते देव जाणे. वाशीच्या बाजारात कांद्याच्या गोणी पाठीवर वाहणारा हा माथाडी, सुट्टीचा दिवस आला की शूटिंगला गर्दीत उभा राहायला जायचा. कधी गावकरी, कधी मोर्चातला माणूस, कधी लग्नातला वाढपी. पण तोंड दिसायची वेळ आली की नेमका हिरोचा खांदा आडवा यायचा.

सिनेमा टीव्हीवर लागला की त्याचे वडील बाबासो कामोठ्याच्या घरात खुर्ची पुढे ओढून बसत. तेही जन्मभर माथाडीच. नजर अधू झाली होती, पण उत्साह दांडगा.

"कुठं हायस रं?"

"त्यो बगा आबा, खांबामागचा हात."

"हात वळखीचा हाय," आबा म्हणायचे. "तोंड कवा दावनार?"

विचारायचे ते थट्टेत. इंद्रजितला मात्र ते लागायचं. बाप थकत चालला होता आणि आपण अजून खांबामागेच, हे त्याला खरोखर खुपत होतं.

आणि मग ते काम आलं. इंग्रजांच्या काळात काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांवरचा सिनेमा. उलव्याच्या अलीकडे एका रिकाम्या गोदामात तुरुंग उभा केला होता. प्लायवूडच्या भिंती, त्यावर दगडाचा रंग, पण बेड्या खऱ्या लोखंडाच्या. बेड्या घालून चालायला लावलं तेव्हा बाकीचे अडखळले. इंद्रजित सावकाश, कंबरेत वाकून, ओझ्याखालच्या सवयीने चालत गेला. तिथेच त्याची निवड झाली. तुरुंगातला पहिला दिवस, नव्या कैद्याला उकिडवं बसवून त्याचं डोकं आणि मिशी उतरवतात, एवढाच प्रसंग. बोलायला एक शब्द नाही, पण पडदाभर तोंड.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात तशी गत झाली. शूटिंगच्या आधल्या आठवड्यात आबांना धाप लागली. छातीत पाणी झालं होतं. नेरूळच्या एका दवाखान्यात त्यांना आयसीयूत ठेवलं. इंद्रजितची आई राजाबाई देव पाण्यात घालून बसली, आणि बायको उज्वला घर आणि दवाखाना अशा खेपा घालू लागली. "मी न्हाई जात शूटिंगला," असं इंद्रजित खाटेशी वाकून बोलला तेव्हा आबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. नर्स ओरडली. त्यांनी लक्ष दिलं नाही.

"जा. तोंड दावून ये."

डोक्याचं काय, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळं खोटं खोटं होणार होतं. डोक्याला रबराची टोपी चिकटवायची, वर नकली केस, आणि वस्तरा नुसता साबणावरून फिरवायचा. मिशीचंही तसंच काहीतरी. इंद्रजित निश्चिंत मनाने गेला.

सकाळी सेटवर डिरेक्टरच्या हाताखालची वैशाली धावत आली. पोरगी कामाची, बोलायला गोड.

"भाऊ, एक प्रॉब्लेम झालाय. कॅमेऱ्यात रबर दिसतंय. खरंच करावं लागेल, डोकं पण आणि मिशी पण. दोन-तीन महिन्यांत येतात ना परत, टेन्शन नका घेऊ. नसेल जमत तर आत्ता सांगा, दुसऱ्या कुणाला बसवते. राग नाही माझा."

आपल्याकडे डोकं आणि मिशी एकदम कधी उतरते ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मिशी उतरवलेला माणूस दारात दिसला की लोक आधी आवाज खाली आणतात आणि मग विचारतात, कधी गेले? इकडे बाप आयसीयूत आणि तिकडे पोराने वस्तऱ्याखाली मान द्यायची. हात दाखवून अवलक्षण ते दुसरं काय असतं!

त्याने उज्वलाला फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि फुटलीच.

"अवो, तुमाला येड लागलंय का? मामंजी तिकडं नळ्या लावून पडल्यात आन् तुमी बोडकं व्हनार? आत्तीनं बगितलं तर काय व्हईल?"

"आबांनीच धाडलंय."

"तोंड दावाया धाडलंय. सुतक दावाया न्हाई!"

तिचं खरं होतं. त्याला ते पटलंही. पण खांबामागचा हात त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. आबा यातून उठले नाहीत तर निदान "तोंड दावलं" एवढं त्यांच्या कानात सांगता येईल, असं त्याच्या वेड्या मनाने घेतलं. सेटवर फोन बाळगू देत नाहीत. त्याने फोन पिशवीत टाकून वैशालीच्या हवाली केला आणि म्हणाला, "बसतो."

तुरुंगातल्या न्हाव्याच्या कामाला त्यांनी खराच न्हावी आणला होता. कामोठ्यात दुकान असलेला जयप्रकाश. मुंडासं बांधून, ढगळ बंडी घालून तो वस्तरा परजत होता. इंद्रजित समोर उकिडवा बसला तेव्हा जयप्रकाशने सवयीने हळूच विचारलं, "दादा, वडील आहेत ना?"

"आयसीयूत."

जयप्रकाशचा हात थांबला. "मग माझ्याकडून नका करून घेऊ. धजत नाही हात."

"कर तू. त्यांचीच मर्जी हाय."

तयारी झाली. केस एकदा उतरले की परत लावता येत नाहीत, म्हणून जे काय व्हायचं ते एकाच दमात व्हायचं होतं. सगळे श्वास धरून बसले, आणि नेमकं विमान आलं. नवा विमानतळ पलीकडेच. इंग्रजांच्या तुरुंगावरून विमान गेलेलं कसं चालेल? आवाज टिपणाऱ्याने हात वर केला. सगळे थांबले. ते गेलं, तोवर दुसरं. भिजवलेल्या डोक्यावरून पाणी मानेत उतरत होतं, वस्तरा कपाळापाशी अधांतरी, आणि इंद्रजितचं काळीज गोणीखाली चिरडल्यासारखं झालेलं. अजून उठता येईल, अजून उठता येईल, असं तो मनाशी घोकत होता. पण उठला नाही.

मग शांतता झाली आणि वस्तरा टेकला.

पहिली बट गुडघ्यावर पडली. नुसतं समोर बघत राहायचं, असं त्याला बजावलेलं होतं, आणि डोकं पुरतं होईतो तो बसलाही दगडासारखा. मग जयप्रकाशने बोटाने नाक वर धरलं आणि वस्तरा मिशीला लावला. त्या गार पात्याने इंद्रजितचं सगळं अवसान गळालं. सिनेमा गेला, कॅमेरा गेला. त्याने बेड्यांच्या हातांनी जयप्रकाशचं मनगट धरलं.

"नगं! बाप जिता हाय माजा! अरं, बाप जिता हाय!"

वॉर्डर झालेल्या नटाला वाटलं हे ठरवूनच चाललंय. त्याने इंद्रजितची मान दाबली. साखळ्या खणखणल्या. थांबा म्हणून कुणीच ओरडलं नाही, आणि जयप्रकाशने डोळ्यांतलं पाणी आवरत मिशी उतरवली.

मग टाळ्या पडल्या. डिरेक्टरने येऊन मिठी मारली. इंद्रजितला काही ऐकू येत नव्हतं. त्याच्या मनात भलतंच आलं होतं. असे खरेखुरे किती बसले असतील त्या काळी, समुद्रापार आणलेले? ज्यांचे बाप गावाकडे वाट बघत जिते होते आणि ज्यांच्या डोक्यांवर सरकारने आधीच वस्तरा फिरवला? पुढे बाप गेला तरी कुणी कळवलं नसेल. त्याला त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. त्यांना धरून बसवलं होतं. हा आपल्या पायांनी येऊन बसला होता.

आरशात पाहिलं तर समोर बाप मेलेला माणूस.

पॅकअप दुपारी झालं. फोन हातात आला आणि त्याची पाचावर धारण बसली. उज्वलाचे फोनवर फोन येऊन गेले होते. त्याने लावला तर लागेना. पुन्हा लावला, नाही. सदरा अंगात घालून तो रस्त्यावर आला आणि मिळेल त्या रिक्षात बसला. रिक्षावाला इथलाच, आगरी. त्याने आरशातून मागे पाहिलं आणि चालू असलेलं गाणं बंद केलं.

"बापूस गेला काय, दादा?"

इंद्रजितला ना हो म्हणता आलं, ना नाही. रिक्षावाल्याने गाडी जीव खाऊन हाकली.

दवाखान्याचे जिने चढताना डोक्याला टॉवेल गुंडाळावा हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. आयसीयूच्या काचेतून त्याने आत पाहिलं. आबांची खाट रिकामी होती. चादर बदललेली, नळ्या काढून ठेवलेल्या.

तो वळला. बाहेरच्या बाकावर पिशव्या सांभाळत राजाबाई बसली होती. तिने मान वर केली. लेकाचं चकोट डोकं, उघडा ओठ आणि पांढराफटक चेहरा पाहिला, आणि तिच्या तोंडून असा हंबरडा फुटला की वॉर्डबॉय हातातलं टाकून धावला.

"मला वार्डात न्हेलं म्हनून सांगितलं रं! मला फशिवलं! इंद्रा, कवा गेलं तुजं आबा?"

आई रडते आहे म्हणजे आबा गेलेच, हे इंद्रजितने धरलं. लेकाचं डोकं उतरलंय म्हणजे आबा गेलेच, हे राजाबाईने धरलं. कुणी कुणाला विचारायचं? तो तिच्या पायांशी बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. तिने कपाळाचं कुंकू तळव्याने पुसलं आणि मनगट बाकाच्या लोखंडी कडेवर आपटलं. एक बांगडी वाढली. तिने दुसऱ्यांदा हात उचलला तो वरच्या वर उज्वलाने धरला.

"आत्ती! काय करताय? अवो, मामंजी चा मागत्यात!"

इंद्रजितने रडतच मान वर केली.

"छातीतलं पानी उतारलं. खालच्या वार्डात आनलं मगाशी. हेंनाच सांगाया फोन करत हुते, तर बॅटरी संपली." मग तिचं लक्ष नवऱ्याच्या डोक्याकडे गेलं. "केलंच का अखेर?"

राजाबाई आपल्या मनगटाकडे पाहत होती. तिथे काच लागून रक्त आलं होतं. नवरा जिता असताना आपण कुंकू पुसलं, या विचाराने तिने पदराने कपाळ झाकलं. उज्वलाने आपल्याच कपाळाची टिकली काढून सासूच्या कपाळाला लावली. तिघंही जिना उतरली.

आबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी आधी बायकोचं चिंधी बांधलेलं मनगट पाहिलं. मग लेकाचं डोकं. मग पुन्हा मनगट. म्हातारा काय समजायचं ते समजला. इंद्रजित दाराशीच थांबला. हे बघून आबांना काही झालं तर ते आपल्याच माथी, हे त्याला कळत होतं.

"तोंड दावलंस?" आबांनी विचारलं.

"दावलं, आबा. पडदाभर."

"हिकडं यं. वाक."

तो वाकला. आबांनी त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून, मग उघड्या ओठावरून हात फिरवला. सावकाश, गोणीचं तोंड नीट शिवलंय का ते चाचपतात तसा.

"झालं का आता!" ते म्हणाले. "आता मला मरायची बी सोय ठेवली न्हाईस. मी गेलो तर उतरवशील काय, कपाळ? तुजं क्यास येस्तवर थांबाया पायजे."

राजाबाई रडता रडता हसली आणि हसल्याबद्दल तिने स्वतःच्याच गालात मारून घेतली.

आबा घरी आले. तो सिनेमा अजून डब्यातच आहे. कधी लागेल ते वैशालीलाही सांगता येत नाही. डॉक्टरांनी उज्वलाला बाजूला घेऊन सांगितलंय की यांचं वय झालं, जितके दिवस मिळतील तितके आपले. सकाळचा चहा झाला की आबा लेकाला जवळ बोलावतात आणि डोक्यावरून हात फिरवतात.

"उगवलं का न्हाई रं?"

"न्हाई, आबा."

बाजारातले लोक इंद्रजितला हसतात. एवढी मिशी होती, आता हा गोटा घेऊन हिंडतोय! तो हसणाऱ्यांना हसू देतो. दर रविवारी भल्या सकाळी तो जयप्रकाशच्या दुकानात जाऊन बसतो. जयप्रकाशने पहिल्या खेपेलाच त्याच्या मनातलं ओळखलं. तो काही विचारत नाही, नुसतं पाणी लावतो. आणि कधी इंद्रजित अंथरुणात लोळत राहिलाच, तर राजाबाई, जिने ते डोकं बघून बांगडी वाढवली होती तीच, दाराशी येऊन उभी राहते.

"इंद्रा, ऊठ. आयतवार हाय."

परवाच्या रविवारी तो दुकानातून आला तेव्हा आबा जागे होते. त्यांनी हाक मारली, तो वाकला. त्यांचा हात कपाळापासून मागे गेला, कानामागे आला आणि तिथे थांबला. वस्तऱ्याने ताजीच खोक पडली होती. बोटाला ओल लागली.

"उगवलं का?"

"न्हाई, आबा. अजून न्हाई."

आबांनी बोट धोतराला पुसलं.

"जयप्रकाशला म्हनावं, कानामागं जरा जपून," ते म्हणाले, आणि त्यांनी चहाची बशी पुढे केली.