बुरशीचं कपाट

श्रीरामपूरला आमच्या कॉलेजच्या बॉटनी डिपार्टमेंटमध्ये एक लोखंडी कपाट आहे. त्यात वाळवलेल्या बुरशीचे नमुने कागदी पुड्यांमध्ये ठेवलेत. एक पुडी शोधायला जावं तर चार किस्से निघतात आणि पुडी राहूनच जाते.

पटारे मॅडम आमच्या विभागप्रमुख. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी दोन पुड्या उघडून शेरा मारला, 'नमुन्यांना बुरशी लागली असल्याने नष्ट करावेत.' मॅडमनी लेखी उत्तर दिलं, 'बुरशी लागली नसती, तर आम्हीच नष्ट केले असते.'

लॅब सांभाळतात साळवे मामा. कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास त्यांच्या अंगातच मुरलाय. एका रविवारी ते चर्चमध्ये उशिरा पोचले आणि गुपचूप मागच्या बाकावर बसले. पाळकांची डोळे मिटून प्रार्थना चालली होती. ती न थांबवता पाळकच म्हणाले, "साळवे आले, कुणीतरी खिडकी उघडा."

मग एक ऊसवाले शेतकरी. काणी, म्हणजे बुरशीचाच रोग, पडलेला ऊस घेऊन आले. शेंड्यातून चाबकासारखा काळा, लांब दांडा निघालेला. मॅडम हरखून गेल्या, म्हणाल्या, किती सुंदर नमुना! ते शांतपणे बोलले, "सुंदर हाय तर समदं शेतच घेऊन जा की." मॅडम ओशाळल्या. दुपारचं प्रॅक्टिकल मला देऊन त्यांच्यासोबत शेतावर गेल्या.

मागच्या हिवाळ्यात जामखेडकडच्या एक बाई आल्या. त्यांचे यजमान आमचेच जुने विद्यार्थी, पुढे गावाकडे शिक्षक झाले, नुकतेच वारले होते. कॉलेजच्या कपाटात माझ्या नावाची बुरशी आहे, असं ते नेहमी सांगायचे. घरात सगळ्यांना ती थट्टा वाटायची. खरं काय ते बाईंना पाहायचं होतं.

मामांनी अर्धा दिवस शोधून पुडी काढली. वर यजमानांच्याच अक्षरात लिहिलेलं, बाभळीवरील बुरशी. खाली 'संग्राहक' आणि त्यांचं पूर्ण नाव. बाई बराच वेळ त्या नावावरून बोट फिरवत राहिल्या. आतला लाकडासारखा कडक तुकडा पाहिला आणि हसल्या.

"लग्नाला म्हैना झाला हुता. हे झाडावर चढलं. वरून ह्यांनी काढली, खाली पदरात म्या झेलली."

मॅडमनी पुडी जवळ ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा, बाई."