रतनचा अँप आणि माझं तोंड

फोन आला तेव्हा मी वणीच्या बसस्टँडसमोरच्या पानठेल्यावर उभा होतो आणि माझ्या तोंडात खर्रा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लिहिताना धीर झाला नाही तर राहून जाईल. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घासघासून जे तयार होतं, त्याला आम्ही खर्रा म्हणतो. तो तोंडात असला की माणूस बोलत नाही, नुसतं ‘हूं’ करतो. फोन मायावहिनींचा होता, रतनच्या बायकोचा. “वसंतभाऊ, हे गेले,” त्या म्हणाल्या. मी म्हणालो, “हूं.” त्या म्हणाल्या, “थुका आधी. मंग या.” फोन बंद झाला. चाळीस वर्षांचा मित्र गेल्याची बातमी मी अशी ऐकली. ठेल्यामागे जाऊन थुंकलो, चूळ भरली आणि राजूरचा ऑटो पकडला.

रतन राजूरच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होता, वर्कशॉपात. पण आमच्या पंचक्रोशीत त्याला कोणी इलेक्ट्रिशियन म्हणून ओळखत नव्हतं. तो आमच्या गायन पार्टीचा गायक होता. मी वणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो आणि पार्टीत गिटार वाजवायचो. एप्रिलमध्ये, जयंतीच्या महिन्यात, झरीच्या जंगलातल्या पोडांपासून, म्हणजे आदिवासी वस्त्यांपासून, थेट उमरखेडपर्यंत आमचे कार्यक्रम असायचे. रतनचा आवाज गोड नव्हता. तो घोगरा होता, वरच्या पट्टीत जरासा फाटायचा, आणि लोक नेमकी त्या फाटण्याचीच वाट बघत बसायचे. या आवाजाला तो फार जपायचा. दही नाही, बर्फ नाही, बाराही महिने गरम पाणी. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकायचा नाही. आम्ही त्याला ‘सूनबाई’ म्हणून चिडवायचो, इतके त्याचे सोवळे नखरे.

उमरखेडचा एक कार्यक्रम आटोपून सकाळी आम्ही दोघं स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो होतो. गाडीचा पत्ता नव्हता आणि रतनला झोप आवरत नव्हती. मी खर्रा घासला, अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला. आमच्याकडे खर्रा एकट्यानं खाल्ला तर माणूस चिक्कू ठरतो, तो अर्धा करूनच खायचा असतो. तो म्हणाला, “मी गाणारा मानूस, मले नको.” मी म्हणालो, “अरे, एवढ्यानं काय होते? झोप जाईन.” तरी घेईना. तेव्हा मी त्याचा हात ओढला, तळव्यावर ठेवला आणि मूठ बंद केली. नंतरची कित्येक वर्षं आमचा खर्रा अर्धा-अर्धाच झाला. याच काळात मी शाळेच्या भिंतीवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा फलक स्वतःच्या हातानं रंगवला. अक्षर चांगलं आलं होतं.

त्याच्या जिभेच्या कडेला फोड आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून निदान केलं : चुना जास्त पडतोय. आम्ही ठेला बदलला! नव्या ठेलेवाल्याला रोज बजावायचो, “चुना कमी घाल बे, याचं तोंड सोललं हाये.” फोडावर तूप लावलं, जाईची पानं चघळली आणि त्यावर पुन्हा कमी चुन्याचा खर्रा. असे चार महिने गेले. मी विज्ञानाचा मास्तर, तो साडेसहाशे व्होल्टच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, आणि आम्हाला एवढं कळलं नाही. खरं सांगायचं तर कळलं होतं, बोलायची हिंमत नव्हती. शेवटी वहिनी त्याला धरून नागपूरला घेऊन गेल्या. तिथे त्याची जवळजवळ सगळी जीभ आणि जबड्याचा तुकडा काढला.

तो घरी आला तो मुका होऊन. बोलायचा प्रयत्न केला की लाळ गळायची, म्हणून त्यानं प्रयत्नच सोडला आणि नातीची जुनी पाटी जवळ ठेवली. मी भेटायला जायचो आणि काय बोलावं ते न सुचून हवापाण्याचं बडबडत बसायचो. एके दुपारी त्यानं पाटीवर लिहिलं, ‘मले आवाज बनवाचा हाये.’ मला वाटलं, गोळ्यांनी डोकं फिरलं. पण त्यानं पलंगाखालून एक लोखंडी डबडं ओढलं. खाणीच्या क्लबातला व्हॉल्व्हचा जुना लाउडस्पीकर अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, मोडीत निघाला होता, तो त्यानं केव्हाचा आणून ठेवला होता. त्यातले व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, धडधाकट होते. गिटार तो माझ्याकडून थोडीफार शिकलाच होता. आमच्या पार्टीचा ट्रान्झिस्टरवाला अँप त्याला कधीच आवडला नाही, तो पत्रा वाजवतो म्हणायचा. व्हॉल्व्हचं तसं नसतं. हळू छेडलं तर स्वच्छ बोलतो आणि जोर दिला की घोगरा होतो, कडेला फाटतो. रतनला तेच हवं होतं. परदेशात काही कारागीर असे अँप एकेक करून, हातानं तारा जोडून बनवतात, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. जोडणीचा नकाशा तिथलाच, सामान मात्र राजूर-वणीचं.

आता काम सुरू झालं, आणि त्याचे हात थरथरायचे. नागपूरला रेडिएशनचा शेक देऊन देऊन मान आणि खांदा आखडून गेले होते. त्यामुळे डोकं त्याचं आणि हात माझे, अशी विभागणी झाली. जुन्या कूलरचा ॲल्युमिनियमचा पत्रा मी कापला, व्हॉल्व्हच्या बैठकीची भोकं कानसून गोल केली. त्याला एकही भोक पसंत पडेना. पाटीवर लिहायचा, ‘हे भोक हाये का बीळ?’ स्पीकरकडे जाणारा ट्रान्सफॉर्मर जळालेला होता, तो नव्यानं भरायला वणीच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे दिला. पंपाच्या मोटारी भरणारा माणूस तो, केसासारखी तार त्यानं दोनदा तोडली. तिसऱ्या वेळी रतन स्वतः तिथे जाऊन स्टुलावर बसला आणि प्रत्येक थरानंतर कागद आपल्या हातानं घातला. चार तास बसला. उठला तेव्हा शर्टाची छाती लाळेनं ओली होती आणि वाइंडिंगवाला दुसरीकडे बघत होता.

सोल्डरिंगचे टाके मी मारायचो. चांगला टाका चकचकतो, थंड राहिलेला राखेसारखा दिसतो. माझे निम्मे तसेच निघायचे आणि तो निमूटपणे बोट ठेवून पुन्हा करायला लावायचा. आणखी एक गोष्ट तो फार कडक पाळायचा. या अँपमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरात ते दबा धरून बसलेले असतात. म्हणून आधी कंडेन्सर रिकामा करायचा, मीटरनं बघायचा, मगच हात घालायचा, आणि तोही एकच, दुसरा खिशात, म्हणजे करंट छातीतून जात नाही. ओरडून थांबवायला त्याच्याकडे आवाज नव्हता, म्हणून तो पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेऊन बसायचा. टेबलावर दोन ठोके पडले की मी हात बाहेर काढायचा. ज्यानं मला जपण्यासाठी एवढे नियम केले, त्याच्या हातावर मी काय ठेवलं होतं, हे त्या दोन ठोक्यांबरोबर दर वेळी आठवायचं.

आणि मी काय करत होतो? तासातासाला “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणून बाहेर पडत होतो. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर खर्रा खायचा, नळावर चूळ भरायची, बडीशेप चघळत परत यायचं. एक दिवस मी असाच येऊन इस्तरीसारखी तापलेली सोल्डरगन हातात घेतली, तर त्यानं पाटी पुढे केली. ‘वास येते.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. म्हणालो, “रतन, उमरखेडले म्याच देला होता तुले. म्याच केलं हे.” त्यानं पाटी पुसली आणि बराच वेळ लिहीत राहिला. ‘तू देला, म्या खाल्ला. ते झालं. माफीगिफी नको मांगू. तोंड उघड, मले पाहू दे.’

मी उघडलं नाही. इथपर्यंत लिहिताना बरं वाटत होतं, आता वाटत नाही. मी चक्क भडकलो. “मले काही नाही झालं! तू तुह्यं पाह्य!” असं म्हणालो. जीभ कापलेल्या माणसाला म्हणालो. त्यानं एकदा माझ्या गालाला हात लावला, दाबून पाहिला आणि पाटी ठेवून दिली. त्याला काय लागलं असेल हाताला, ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. तिखट खाल्लं की माझ्या तोंडाची आग होत होती, केळंसुद्धा तुकडे करून खावं लागत होतं, हे मी घरीही कोणाला सांगितलेलं नव्हतं. पुढचे आठ दिवस मी राजूरला गेलो नाही.

नवव्या दिवशी गेलो तेव्हा त्यानं काही झालंच नाही अशा थाटात समोर मीटर ठेवला. उरलेले टाके मी त्याच दिवशी मारले आणि अँप पुरा झाला, पण घूं घूं करत होता. ती घरघर शोधण्यात तीन आठवडे गेले. शेवटी अर्थिंगची एक तार दोन इंच सरकवली आणि घरघर थांबली. ती दुपार आठवते. रतननं गिटार मांडीवर घेतली, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबला आणि आमच्या पार्टीचं सुरुवातीचं वंदनगीत वाजवलं. बोटं अडखळत होती. पण वरच्या पट्टीत गेल्यावर त्यानं तार दाबून ओढली आणि आवाज फाटला... अगदी तिथेच, जिथे तो फाटायचा. रतन हसत होता, अर्ध्या राहिलेल्या तोंडानं. इतक्यात वहिनी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. “बंद करा ते,” त्या म्हणाल्या. “हात जोडते, बंद करा.” त्यानं बटण दाबलं. वहिनी आत गेल्या आणि भांडी घासत बसल्या, घासलेलीच पुन्हा.

नंतर त्याला फार वाजवता आलं नाही. मानेत गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी या वेळी ऑपरेशनचं नाव काढलं नाही, गोळ्या तेवढ्या बदलून दिल्या. नळीनं पेज जायची आणि तीही पुढे पुढे जाईना. मी शेवटचा भेटलो तेव्हा त्याला पाटी धरवत नव्हती. त्यानं माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या ओठांपाशी आणलं. मी समजलो आणि न समजल्यासारखं केलं. “आराम कर,” असं म्हणून उठलो. त्यानंतर सहा दिवसांनी तो फोन आला.

हा लेख मी आता खर्रा सोडलाय असं लिहून संपवला असता तर वाचणाऱ्यांना बरं वाटलं असतं. रतनला अग्नी दिला, त्रिशरण म्हणून झालं, लोक पांगले. बाहेर पार्टीतला ढोलकवाला खर्रा घासत उभा होता. त्यानं सवयीनं अर्धा पुढे केला आणि मी तो घेतला. असा मी आहे.

पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर वहिनींनी निरोप पाठवला, दर रविवारी येऊन अँप चालू करत जा, यंत्र बंद राहिलं तर खराब होते असं हे पाटीवर लिहून गेले. तेव्हापासून जातो. वहिनी समोर बसतात आणि ऐकतात, आता बंद करा म्हणत नाहीत. गेल्या रविवारी मी गिटार घेऊन बसलो, व्हॉल्व्ह तापत होते, आणि त्या उठून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “वसंतभाऊ, शेवटपर्यंत ह्यांचं एकच होतं. तुमचं तोंड पाहाचं. तुम्ही पाहू देलं नाही. आता मले पाहू द्या.”

मी तोंड उघडलं. म्हणजे जेवढं उघडतं तेवढं. त्यांनी मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि म्हणाल्या, “बोटं घाला.” नागपूरच्या दवाखान्यात त्यांनी हे किती जणांचं पाहिलं असेल. तोंड धड असेल तर स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी आत गेली पाहिजेत. माझी दोन गेली. तिसरं दातांना अडलं. मी जबडा ताणला, पुन्हा जोर केला, डोळ्यांतून पाणी आलं. “राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. मी गिटार सावरली, निदान वाजवावं तरी म्हणून. त्यांनी अँपचं बटण बंद केलं, प्लग काढला, वायर गुंडाळून वर ठेवली आणि त्यावर रतनची चादर टाकली.

“बुधवारी नागपूरले जाऊ,” त्या म्हणाल्या. “मी येते संगं. मले तिथलं सारं माहीत हाये. चिठ्ठी कोणत्या खिडकीवर काढाची, तोंडातला तुकडा तपासाले कोणत्या मजल्यावर देतात... अन संगं आलेल्यानं बसाचं कुठं, तेही.”