दत्ताच्या अंगात देव आला नव्हता

गाणं लावायच्या आधी दत्ता स्पीकरच्या खोक्यावर तळहात टेकवून डोळे मिटायचा. "आवाज कानानं नाय, छातीनं ऐकायचा आसतो, राव," हे त्याचं ठरलेलं वाक्य. नारायणगावच्या तमाशाच्या फडांत तो साउंडचं काम शिकला आणि पुढं पिंपरी पेंढारला स्वतःचा सेट घेतला. माझा आतेभाऊ, माझ्याहून लहान. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, म्हणून मला "बी.एस्सी. बाई" म्हणून चिडवायचा आणि माझ्यामागं गावभर माझीच फुशारकी मारायचा.

त्याचा बाप दारूनं गेला होता. दत्ता थेंबाला शिवला नाही. वरातीत कुणी ग्लास पुढं केला की म्हणायचा, "भाऊ, आमच्या म्हाताऱ्यानं माझ्या वाटची पन पिऊन ठेवलीय."

दोन हजार सालाच्या पुढंमागं धरणाकाठच्या फार्महाउसांवर शहरातल्या पोरांच्या पार्ट्या सुरू झाल्या. दत्ताचा जोडीदार किरण ती कामं आणायचा. बघता बघता दत्ता वाळला. पार्टी झाली की पुढं दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. जबडा दुखतो म्हणून भाकरी कुस्करून खायचा. मी खोदून विचारलं तेव्हा हसला.

"गोळी आसती एक, आक्का. दारू नाय ती. वास नाय, झोकांडी नाय."

"कशाची गोळी?"

"नाचायची."

"आत काय असतं, माहीत आहे?"

"तापाच्या गोळीत काय आसतं ते तरी कुनाला म्हाईतंय?"

आपल्याकडं गोळी म्हणजे औषध. दारूला न शिवण्याची शपथ पाळणाऱ्या माणसाला गोळी विकणाऱ्यांनी नेमकं त्या शब्दावर गाठलं. याचा संताप मला आजही आवरत नाही.

चैत्रात गावची यात्रा होती. भर उन्हात पालखीपुढं ढोल चालले होते आणि दत्ता बेभान नाचत होता. डोळे विस्फारलेले, दात करकर वाजतायत, अंग थरथरतंय. "अंगात आलं, अंगात आलं!" करत बाया धावल्या. कुणी भंडारा उधळला. पिकली माणसं त्याच्या पाया पडून "देवा, औंदा पाऊस कसा?" विचारू लागली. मी गर्दीत घुसून त्याच्या कपाळाला हात लावला. तवा तापावा तसं कपाळ, आणि घामाचा टिपूस नाही.

"जीप आणा!" मी ओरडले.

भगतानं माझा हात झिडकारला. "शिकलीस म्हनून देवाला आडवी जाती का? उतरंल त्यो आपसूक."

किरण समोरच होता. गोळी त्यानंच दिली होती. दवाखान्याच्या पायरीवर रडत त्यानं ते कबूल केलं, पण दत्ता गेल्यावर. पालखीपुढं दत्ता तापत होता तेव्हा तो काय करत होता? सगळ्यांसारखे हात जोडून उभा होता.

दत्ता झटके येऊन कोसळला, मग जीप आली. तीत पुरुषच बसले, मी मागून पोचले. मी पोचायच्या आधीच डॉक्टरांनी विचारलं होतं, "काय घेतलं होतं यानं?" किरण म्हणाला होता, "अंगात आलं व्हतं, सायेब." नर्सला दत्ताच्या खिशात दुसरी गोळी सापडली तोवर फार उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, "ही गोळी अंगातली उष्णता चढवते, त्यात ऊन आणि नाच. लवकर आणलं असतं, खरं सांगितलं असतं, तर अंग गार करून झगडता तरी आलं असतं."

आमच्या भागात दशक्रियेला नदीच्या घाटावर माइक लागतो आणि पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात. "देवानं पालखीपुढूनच नेलं त्याला, भाग्यवान मरण," एक जण म्हणाला. समोर तरणी पोरं बसली होती, त्यातली कितीतरी त्याच पार्ट्यांना जाणारी. माझं डोकं सणकलं. तिथं बायका बोलत नाहीत. मी उठून माइक घेतला.

"दत्ताच्या अंगात देव आला नव्हता. गोळी होती. त्याचं अंग आतून भाजत होतं आणि आपण त्याला पाऊस विचारत होतो. ज्याला ठाऊक होतं, तो हात जोडून उभा होता. आत्ताही इथंच बसलाय."

माइक बंद केला कुणीतरी. आत्या माझ्याजवळ आली. "लेकराच्या नावाला देव चिकटला व्हता गं. तेवढंच व्हतं मला. तेबी तू काढून घेतलंस." त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

किरणनं पुढं नवा सेट घेतला. गावच्या प्रत्येक लग्नात तो वाजतो, आणि त्याच लग्नांच्या पत्रिका माझ्या घरी येत नाहीत. न येईनात का. उद्या पुन्हा माइक हातात आला, तर मी पुन्हा हेच बोलेन, आणि या वेळी नाव घेऊन.