डाव्या कानाची फिर्याद

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी अमरावतीतील एका सार्वजनिक वाचनालयाने माझ्या व्याह्यांकडून ध्वनिक्षेपकांची एक जोडी शाल, श्रीफळ आणि टाळ्यांच्या गजरात स्वीकारली. श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी तीच जोडी वाचनालयाच्या ग्रंथदिंडीत एका मालवाहू गाडीवर चढवून भरचौकात जाळण्यात आली. पितृपक्ष संपण्याच्या आत ती 'निर्लेखित', म्हणजे कागदोपत्री मृत, ठरली. दसऱ्यापासून मी चार पत्रे पाठवली. आता होळी तोंडावर आली आहे. चारही पत्रांची पोच माझ्या फायलीत आहे आणि लेखी उत्तर एकाचेही नाही. या प्रकाराला जबाबदार इसम चार आहेत. दिंडीसाठी जोडी मागणारे सचिव, ती द्यायला मान डोलावणारे अध्यक्ष आणि कपाटाची किल्ली काढून देणारे भांडारप्रमुख हे तिघे. चौथ्याचे नाव मी योग्य ठिकाणी घेईन, आणि ते घेताना मला आनंद होणार नाही.

फिर्यादीआधी ज्याच्यावर अन्याय झाला त्याची ओळख करून देणे भाग आहे. माझे व्याही अकोल्याला राहतात. साऱ्या वऱ्हाडात त्यांच्याइतके कमी ऐकू येणारा आणि त्यांच्याइतके खरे ऐकणारा दुसरा माणूस नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्यांचा डावा कान कापसाच्या जिनिंग कारखान्याने खाल्ला. तिथे ते आयुष्यभर यंत्रे दुरुस्त करीत होते, आणि यंत्राचा बिघाड ओळखण्यासाठी डावा कान त्याच्या पत्र्याला लावण्याची त्यांना सवय होती. यंत्रे सुधारली, कान गेला. निवृत्तीनंतर इतर माणसे नातवंडे खेळवतात, तीर्थयात्रा करतात, माझ्यासारखी संपादकांना पत्रे लिहितात. व्याह्यांनी मात्र जुने स्टुडिओ मॉनिटर जमवायला, उघडायला आणि पुन्हा जिवंत करायला घेतले. ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या समोर जे दोन ध्वनिक्षेपक ठेवलेले असतात, त्यांना मॉनिटर म्हणतात. बाजारातला ध्वनिक्षेपकाचा डबा गाणाऱ्याला गोड करून दाखवतो. मॉनिटरला ती मुभा नाही. गाणारा बेसूर असेल तर बेसूर, खोकला असेल तर खोकला. जे आहे तेवढेच सांगायचे, पदरचे घालायचे नाही. जिल्हा न्यायालयात अधीक्षक म्हणून मी उभी हयात काढली. असा साक्षीदार मला तिथे एकदाही भेटला नाही. तो मला अकोल्याला, व्याह्यांच्या मागच्या खोलीत, सागवानी पेटीत बसलेला भेटला.

आमचा पहिला परिचय फारसा मंगल नव्हता. माझ्या मुलीला पाहायला मंडळी आली तेव्हा मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, आणि तिचे भावी सासरे पाठ फिरवून आमच्या देवघराच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक करीत उभे होते. मला वाटले, वास्तुदोष पाहतात. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "जुना साग हाये. आवाज पाहा ना कसा कोरडा येऊन राहिला. हे दार देता का?" माझी पत्नी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. लग्न ठरले, हुंडा कोणी मागितला नाही. पण सांगायला लाज वाटते, आमच्या देवघराला आज पडदा आहे आणि ते दार अकोल्यात दोन पेट्यांच्या बाजू होऊन बसले आहे. वरातीत तर कहरच झाला. ऐन चौकात नवरदेवाच्या बापाने वाजणाऱ्या गाडीपुढे आडवे उभे राहून वरात थांबवली. आमच्या बाजूच्या मंडळींना मानपानाचा खटका उडाल्याचा संशय आला आणि माझे मेहुणे माफी मागायला पुढे धावले. व्याही गाडीवाल्याला सांगत होते, "एका डब्ब्याची वायर उलटी लावली बाप्पा तू! एक पुढं ढकलते, एक मांगं वढते. गानं मधातल्या मधात मरून राहिलं!" वायर सुलट करेपर्यंत नवरदेव घोड्यावर घामाघूम झाला. हे त्यांनी उजव्या कानाने, भर वरातीत ओळखले होते.

त्यांची काम करण्याची रीत एखाद्या जुन्या न्यायाधीशासारखी आहे. घाई नाही आणि तडजोडही नाही. जुन्या मॉनिटरच्या, थरथरून आवाज काढणाऱ्या कागदी शंकूभोवती फोमची कड असते. वयोमानाने तिचा भुगा होतो. बाजारात तयार रबरी कडा मिळतात. व्याही त्यांना हात लावत नाहीत. मऊ झालेल्या सुती धोतराची गोल पट्टी कापून, तिला स्वतः बनवलेला लेप देऊन ती बसवतात. या कामी माझी दोन धोतरे गेली आहेत आणि परवानगी फक्त एकाची होती. पेटीच्या आत आवाज घुमू नये म्हणून भरण लागते. त्यासाठी ते एका पिंजारी चाचांकडून कापूस पिंजून आणतात. पहिल्या खेपेला त्यांनी एवढीशी चौकोनी गादी शिवायला सांगितली, तेव्हा चाचांनी मान वाकडी करून विचारले, "मियाँ, सोएगा कौन इसपे?" व्याही म्हणाले, "आवाज." तेव्हापासून चाचा त्यांच्या गाद्या ईदच्या कामाआधी करून देतात आणि वर विचारतात, "नींद बराबर आयी क्या उसको?" कापूस जास्त झाला तर आवाज झोपतो, कमी झाला तर बडबडतो, असे व्याह्यांचे मत आहे. एका चिमटीसाठी त्यांनी तीन-तीनदा पेटी उघडलेली मी पाहिली आहे.

आता माझी भूमिका. मॉनिटर जोडीने ऐकायचे असतात. दोन पेट्या, दोन कान. व्याह्यांकडे कान एकच. सुरुवातीला ते डाव्या पेटीसाठी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. विहीणबाई म्हणत, "शाळेत मास्तरनं कोपऱ्यात बसवलं तसे दिसता." मग मुलीला भेटायला मी अकोल्याला गेलो असता त्यांनी मला हाताला धरून आपल्या डावीकडे बसवले आणि फर्मावले, "इवाई, तुमी आता माहा डावा कान. बोलू नका, फक्त आयका. काई कमी-जास्त वाटलं तं बोट वर करा." मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या साक्षी नोंदवल्या, त्या दिवशी पहिल्यांदा कोणी माझी साक्ष मागितली. तेव्हापासून दर पंधरवड्याला मी अमरावतीहून एसटीने अकोल्याला जाऊ लागलो. बायको म्हणे, मुलीची ओढ. मी ते खोडून काढले नाही.

त्यांची अंतिम परीक्षा गाण्यावर नसते. गाण्यात माणूस वाहवतो, म्हणतात. त्यांनी विहीणबाईंचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे. स्वयंपाकघरातून एकच वाक्य: "जेवाले येता का, का ताट झाकून ठिवू?" पेटी तयार झाली की ते हे वाक्य लावतात. एका जोडीवर त्यांनी दीड वर्ष घालवले. एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या भंगारातून ती आली तेव्हा तिच्यात उंदरांचे घर होते. कोणते स्वर मोठ्या शंकूकडे जावेत आणि कोणते छोट्याकडे, याची वाटणी करणारी तिच्यातली पट्टी पार गंजलेली होती; ती त्यांनी पुन्हा तारेतारेने बांधली. एका रविवारी मी डाव्या खुर्चीवर बसलो असताना हाक आली, "जेवाले येता का", आणि मी उठून हात धुवायला मोरीकडे निघालो. विहीणबाई तेव्हा बाजारात होत्या. मागे वळून पाहतो तो व्याही खुर्चीत बसून लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. "झाली!" ते ओरडले, "इवाई फसले! जोडी झाली!" विहीणबाई परतल्यावर त्यांना हे सांगितले, तर म्हणाल्या, "डब्ब्यातली हाक समजते यायले. म्या मारली का आयकू येत नाई."

हीच ती जोडी. ती त्यांनी वाचनालयाला का दिली, तेही नोंदवतो. वाचनालयाच्या एका खोलीत अंध वाचकांसाठी ध्वनिफिती आहेत: गावोगावच्या बायांच्या ओव्या, जुनी व्याख्याने, म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी. मी व्याह्यांना तिथे घेऊन गेलो. त्या फिती एका खरखरत्या डब्यावर लावत असत. एक अंध बाई समोर बसून ऐकत होत्या. व्याह्यांनी त्यांना विचारले, "समजते का, बाई?" त्या म्हणाल्या, "शब्द समजतात. बोलणारी म्हातारी आहे का तरुण, तेवढं कळत नाही." बसस्थानकावर परतीच्या गाडीत चढताना व्याही म्हणाले, "माही जोडी देतो इथं. तुमी कागद करा."

आणि इथे चौथा इसम येतो. दानपत्राचा मसुदा मी केला. व्याही म्हणाले होते, "इवाई, एक अट टाकता का त्यात? डब्बे त्या खोलीच्या बाहीर नेऊ नये. हे वरातीचं जनावर नाई." मी त्यांना हसलो. मी म्हणालो, "अट घातलेले दान हे दान नसते, भाडेपट्टा असतो." आणि सुरेख अक्षरात लिहिले: बिनशर्त व कायमस्वरूपी. ते वाक्य मी दोनदा वाचून दाखवले. मला ते फार आवडले होते. व्याह्यांनी सही केली, कारण कायद्यातले त्यांच्या इवायाला कळते असा त्यांचा समज होता.

पुढचे साऱ्या गावाने पाहिले. ग्रंथांच्या पालखीपुढे, जनित्रावर चालणाऱ्या यंत्राला जोडून, कुजबुज ऐकवण्यासाठी बांधलेल्या त्या दोन साक्षीदारांना ढोलताशाच्या ध्वनिमुद्रणावर किंचाळायला लावले. पहिल्या चौकात डावा गेला, दुसऱ्यात उजवा. मला बातमी कळली तेव्हा मी व्याह्यांना कळवायला दोन दिवस घेतले. ते पहिल्या गाडीने आले. भांडारात त्यांनी पेटीच्या तोंडाशी नाक नेले, वास घेतला आणि म्हणाले, "कॉइल जळली. मानूस असता तं 'नाई जमत' म्हनला असता. यायनं मरेपर्यंत जे देल्लं तेच सांगितलं." मला त्या सचिवांची गचांडी धरायची होती. व्याही हात जोडून त्यांना विनवत होते: "मले घेऊन जाऊ द्या, साहेब. दोन महिन्यात करून आनतो. इथंच आनून ठेवतो." सचिव मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाले, "काका, ते नियमात बसत नाही. हे आता निर्लेखित होणार, अन् निर्लेखित साहित्य लिलावातच जातं. अन् एवढं काय मनाला लावून घेता? आपण नवीन ब्लूटूथवाला आणू." "मंग लिलाव कवा हाये?" व्याह्यांनी विचारले. "कळवू." दिंडीत जोडी नेताना या सद्गृहस्थांना कोणताही नियम आठवला नव्हता. मी नियमांच्या सावलीत वाढलेला माणूस आहे. नियमाचा असा निर्लज्ज वापर पाहून माझे रक्त आजही उकळते.

मी चार पत्रे लिहिली. त्यांत मी कलमे दाखवली, विश्वस्तांची कर्तव्ये दाखवली. मी नुकसानभरपाई मागितली नाही, कोणाचा राजीनामा मागितला नाही. मागणी एकच आहे: जळलेली जोडी दुरुस्तीसाठी ज्याने बांधली त्याच्या हाती द्या. आणि ती लवकर द्या, कारण वेळ संपत आला आहे. दिवाळीनंतर व्याही कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. उजवा कानही उतरतो आहे. डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितले. व्याही म्हणाले, "यंत्र लावलं का मंग मी त्या यंत्राचा आवाज आयकीन. जोडीचा कसा आयकू?"

गेल्या पंधरवड्यात मी अकोल्याला गेलो. मागच्या खोलीत सवयीप्रमाणे माझी खुर्ची डावीकडे असेल म्हणून मी तिकडे वळलो. तिथे खुर्ची नव्हती. ती हातात घेतलेल्या दुसऱ्या एका जोडीच्या दोन्ही पेट्यांच्या बरोबर मध्ये ठेवली होती, एकटीच. व्याही दाराजवळच्या वेताच्या मोड्यावर बसले होते. "इवाई," ते म्हणाले, "आज तुमीच दोन्ही कान. मी तुमच्या तोंडाकडं पाहातो. समजते मले." मी बसलो. त्यांनी विहीणबाईंचे वाक्य लावले. डाव्या पेटीत काही कमी होते की माझ्या डोळ्यांत काही जास्त, ते मला सांगता येईना. मी बोट वर केले नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले.

बिनशर्त हा शब्द माझा आहे. त्याची जबाबदारी मी येथे, माझ्या सहीने, सर्वांसमक्ष स्वीकारतो. चौथ्या इसमाचा जबाब नोंदवला गेला आहे. आता उरलेल्या तिघांनी आपला द्यावा. अध्यक्ष महोदय, बंद लखोट्यातले उत्तर मला नको. ज्या खोलीत त्या अंध बाई बसतात त्याच खोलीत, वाचकांसमोर, मोठ्याने सांगा: जोडी केव्हा देता? मोठ्याने अशासाठी, की माझे व्याही त्या दिवशी समोर बसलेले असतील, आणि तुमचे उत्तर त्यांना स्वतःच्या कानाने ऐकायचे आहे.